उक्ती, फासा आणि सामाजिक : प्रक्षेपित भूमिका-खेळाच्या आकर्षणाचा विचार

१

करमणुकीचा एखादा नवा प्रकार लोकप्रिय झाला की विद्यापीठीय अभ्यासकाने त्याची दखल घ्यावी की नाही, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने पडतो. बोलपटाच्या बाबतीत तो पडला होता, नभोनाट्याच्या बाबतीतही पडला होता. त्याचे उत्तर त्या प्रकाराच्या लोकप्रियतेत शोधणे व्यर्थ होय. आपल्या शास्त्राला एरवी सुचला नसता असा एखादा प्रश्न तो प्रकार विचारतो काय, एवढेच पाहावयाचे असते. प्रस्तुत निबंधात ज्या प्रकाराचा विचार करावयाचा आहे तो असा प्रश्न विचारतो, आणि मुख्यतः भाषाभ्यासकाला विचारतो, अशी आमची धारणा आहे.

गेल्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेत हा प्रकार रूढ झाला. सात-आठ माणसे टेबलाभोवती बसून भूमिका-खेळ खेळतात आणि त्यांचा खेळ इंटरनेटवरून प्रक्षेपित केला जातो. डोळ्यांना रिझवील असे त्यात फारच थोडे असते. माणसे बोलतात, हसतात, फासे टाकतात, कागदावर आकडे मांडतात. आणि हे तीन-तीन, चार-चार तास चालते. ह्या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध कार्यक्रम म्हणजे ‘क्रिटिकल रोल’. तो १२ मार्च २०१५ रोजी ट्विच ह्या प्रक्षेपण-संकेतस्थळावर सुरू झाला. त्याचे पहिले पर्व ऑक्टोबर २०१७ मध्ये ११५ भागांनंतर संपले. दुसरे पर्व जानेवारी २०१८ ते जून २०२१ ह्या काळात १४१ भाग चालले. तिसरे ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू होऊन फेब्रुवारी २०२५ मध्ये १२१ भागांनी पूर्ण झाले. २०१९ साली ह्या मंडळींनी एका अनुबोधपटाएवढ्या छोट्या सचेतपटासाठी साडेसात लाख डॉलरांची लोकवर्गणी मागितली, तेव्हा ८८ हजारांहून अधिक लोकांनी मिळून एक कोटी तेरा लाख डॉलरांच्या वर रक्कम दिली. ज्यात पाहण्यासारखे काही नाही ते लोक इतक्या आस्थेने का पाहतात, हा आपला प्रश्न आहे.

ह्याची तीन उत्तरे सामान्यतः दिली जातात. कथा रंजक असते, हे पहिले. खेळाडू कसलेले नट असतात, हे दुसरे. आणि त्यांच्यातील स्नेह प्रेक्षकाला आपलासा वाटतो, हे तिसरे. तिन्हींत तथ्य आहे. परंतु कथा, नट आणि स्नेह ही इतरत्रही सापडतात, म्हणून ह्या प्रकाराचा व्यवच्छेदक गुण त्यांपैकी एकही नव्हे. आमच्या मते तो गुण असा : येथे बोललेले वाक्य आणि घडलेली घटना ह्यांच्यामध्ये एक अवकाश उघडा ठेवलेला असतो, आणि वाक्याची घटना होते की नाही हे बोलणाऱ्यासकट सर्वांनी मिळून पाहावयाचे असते. हे विधान पुढे क्रमाने तपासू.

२

प्रथम खेळाची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा ह्या जातीचा पहिला प्रकाशित खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्यांनी तो १९७४ साली सिद्ध केला. त्याची पाचवी आवृत्ती २०१४ साली निघाली आणि प्रस्तुत कार्यक्रमाच्या पहिल्या तिन्ही पर्वांत तीच वापरली गेली. खेळाडूंपैकी एकाला डन्जन मास्टर म्हणतात. आपण त्याला सूत्रधार म्हणू. जग, त्यातील स्थळे, शत्रू, वाटेत भेटणारी माणसे हे सर्व सूत्रधाराकडे असते. बाकीच्या प्रत्येकाकडे केवळ एक पात्र असते. पहिल्या तीन पर्वांचा सूत्रधार मॅथ्यू मर्सर हा होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या चौथ्या पर्वाचे सूत्र ब्रेनन ली मुलिगन ह्याच्याकडे आले. हा खेळ प्रेक्षकांसाठी जन्मला नव्हता, ही गोष्टही ध्यानात ठेवावी. ही मित्रमंडळी २०१२ पासून घरीच खेळत होती. प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा कथा अर्ध्यात आली होती, आणि पहिल्या दिवशीचा प्रेक्षक चालू संभाषणात मागून येऊन बसलेल्या पाहुण्यासारखा होता.

खेळाचा घटक-व्यापार असा आहे. सूत्रधार परिस्थिती सांगतो. खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतो. ते सहज घडण्याजोगे असेल तर सूत्रधार मान्य करतो. यशाची शाश्वती नसेल तर वीस बाजूंचा फासा टाकावयाचा. पडलेल्या आकड्यात पात्राच्या अंगच्या कौशल्याचा अंक मिळवावयाचा. बेरीज आवश्यक आकड्याइतकी वा अधिक झाली तर कृती सफल, नाही तर विफल. फाशाच्या प्रत्येक बाजूचा संभव शेकडा पाच. त्यानंतर काय झाले ते सूत्रधार सांगतो, आणि तो सांगतो तेच त्या जगात घडलेले असते.

३

आता ह्या व्यापाराकडे व्याकरणाच्या दृष्टीने पाहू. “मी दार उघडते” हे खेळाडूचे वाक्य घ्या. आपल्या व्याकरणकारांनी आख्याताचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे अर्थ सांगितले आहेत. रूपावरून पाहता हे वाक्य निःसंशय स्वार्थी आहे. बोलणारी एक गोष्ट घडत असल्याचे सांगते. पण प्रयोगात ते स्वार्थी नाही. दार अजून उघडलेले नाही. ते उघडेल की नाही हे तिला ठाऊक नाही. एकाच टेबलावरची खेळाडू मंडळी एका क्षणी “मी उघडते” म्हणतात, दुसऱ्या क्षणी “मला उघडून पाहावयाचे आहे” म्हणतात, तर तिसऱ्या क्षणी “मला उघडता येईल का?” असे विचारतात, आणि सूत्रधार ह्या तिन्ही वाक्यांना एकच वागणूक देतो. रूपे तीन, कार्य एक. अर्थात हे वाक्य वेष स्वार्थाचा घेऊन आलेले असले तरी अंतरी विध्यर्थी आहे. फासा पडून सूत्रधार बोलला म्हणजे ते स्वार्थी होते किंवा बाद होते.

जे. एल. ऑस्टिन ह्यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूपाने आलेल्या व्याख्यानांत बोलणे हेच करणे असणाऱ्या उक्तींचा विचार केला. वचन देणे, नाव ठेवणे, पैज लावणे अशा वाक्कृती सफल होण्यासाठी रूढ विधी, वक्त्याचा अधिकार, योग्य प्रसंग ह्या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. येथे मात्र चमत्कार असा की सर्व अटी पुऱ्या असूनही उक्ती विफल होऊ शकते. खेळाडूला बोलण्याचा अधिकार आहे, पाळी त्याची आहे, वाक्य बिनचूक आहे. तरी फासा नाही म्हणतो. दैनंदिन व्यवहारात वाक्य आणि त्याचे फळ ह्यांतील दुवा बहुधा आपल्या दृष्टीआड असतो. येथे तो टेबलावर गडगडत जाताना दिसतो.

पुरुषवाचक सर्वनामांची स्थिती ह्याहून उद्बोधक आहे. गॅरी अ‍ॅलन फाइन ह्या समाजशास्त्रज्ञाने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भूमिका-खेळ खेळणारा एकाच वेळी व्यक्ती, खेळाडू आणि पात्र अशा तीन चौकटींत वावरतो, हे दाखवून दिले आहे. त्यामागे अर्व्हिंग गॉफमन ह्यांचा १९७४ सालचा चौकटींचा सिद्धांत आहे. प्रेक्षकाला ह्या तीन चौकटींचा अनुभव येतो तो ‘मी’ ह्या एका शब्दातून. “मी भ्यालो आहे” हे कोण म्हणते? पात्र, त्याला गमावण्याच्या धास्तीने खेळाडू, की रात्री उशिरापर्यंत जागलेला माणूस? इंग्रजीत ह्या प्रश्नाचे उत्तर रूपावरून मिळत नाही आणि संदिग्धता अबाधित राहते. दुसऱ्या पर्वात सॅम रीगल हा पुरुष खेळाडू नॉट नावाच्या स्त्री-पात्राची भूमिका करीत होता. त्याचे इंग्रजी ‘मी जातो’ आणि त्या पात्राचे ‘मी जाते’ ह्यांत ध्वनीचा काडीइतका फरक नव्हता. तोच खेळ मराठीत मांडला तर प्रत्येक वाक्याच्या शेवटी क्रियापद खरे सांगून टाकील : ‘जाते’ म्हटले तर पात्र, ‘जातो’ म्हटले तर खेळाडू. आपल्या संगीत रंगभूमीवर स्त्री-भूमिका करणाऱ्या नटाला ही अडचण आली नाही, कारण रंगमंचावर असेपर्यंत त्याला पात्राव्यतिरिक्त दुसरा ‘मी’ नव्हता. येथे दोन्ही ‘मी’ सतत जागे असतात. मराठीत असा खेळ प्रक्षेपित करणाऱ्याला आपल्या भाषेचे हे वैशिष्ट्य हिशेबात घ्यावे लागेल. त्याने एक संदिग्धता जाईल. पण चौकट नेमकी कुठे बदलली हे कानाला कळण्याची नवी सोय होईल.

द्वितीय पुरुषाचेही असेच आहे. सूत्रधार “तुम्हांला समोर एक थडगे दिसते” असे म्हणतो तेव्हा तो टेबलावरच्यांशी बोलत असतो. पण इंग्रजी द्वितीय-पुरुषी सर्वनामाला वचन नाही, आदर-अनादर नाही. म्हणून पडद्यापलीकडचा प्रेक्षकही त्या सर्वनामात न बोलावता शिरतो. कादंबरीत ‘त्याला थडगे दिसले’ असे असते, नाटकात थडगे समोर रंगवलेले असते. येथे ते ‘तुम्हांला’ दिसते, आणि दाखविलेले काहीच नसल्यामुळे प्रत्येकाला ते स्वतःच पाहावे लागते. टेबलावरचा खेळाडू आणि घरी बसलेला प्रेक्षक ह्यांना ह्या एका बाबतीत अगदी सारखीच सामग्री मिळालेली असते : ऐकलेले वाक्य.

४

एवढ्या विवेचनाने अवकाश आहे हे सिद्ध झाले. तोच आकर्षणाचे कारण आहे, हे अजून सिद्ध व्हावयाचे आहे. त्यासाठी अन्वय-व्यतिरेकाची कसोटी लावू. सुदैवाने तशी सोय ह्या कार्यक्रमानेच करून ठेवली आहे.

पहिल्या पर्वातील एक प्रसंग घेऊ. २०१६ साली प्रक्षेपित झालेल्या एका भागात ही मंडळी एका पाण्याखालच्या थडग्यात शिरतात. टॅलिसिन जॅफी ह्याचे पर्सी हे पात्र तेथील शवपेटी, सापळा आहे की नाही हे न तपासताच, उघडू जाते. सापळा उडतो आणि लॉरा बेली हिचे व्हेक्सालिया हे पात्र मरते. तिच्या जुळ्या भावाची, व्हॅक्सिल्डानची, भूमिका लियम ओब्रायन करीत होता. मृताला परत आणण्याचा विधी सुरू होतो. मर्सरने अशा विधीसाठी स्वतःचा नियम केला आहे : सोबत्यांनी एकेक अर्पण करावयाचे, त्या अर्पणांच्या यशापयशाने अखेरचा आकडा सोपा वा अवघड होतो, आणि शेवटी एकच फासा, शिवाय त्याच व्यक्तीला पुन्हा परत आणणे दर खेपेस अधिक कठीण. ह्या विधीत व्हॅक्सिल्डान मृत्यूच्या अधिष्ठात्री देवतेला सांगतो की हिच्याऐवजी मला ने. बहीण परत येते. पण ते वाक्य हवेत विरत नाही. सूत्रधाराने ते ऐकलेले आहे. पुढे तो त्या देवतेचा सेवक होतो, आणि २०१७ साली पर्व संपते तेव्हा ती त्याला नेते.

ह्याच धाग्याचे दुसरे टोक ऑक्टोबर २०१७ मधील उपान्त्य भागात आहे. सॅम रीगलच्या स्कॅनलन ह्या गायक-मांत्रिकाकडे दिवसातून एकदाच वापरता येईल असे सर्वोच्च पायरीचे मंत्रसामर्थ्य होते. इच्छा बोलून दाखवावी आणि ती खरी व्हावी, असा तो मंत्र. म्हणजे ज्या अवकाशाविषयी आपण बोलत आहो तो नाहीसा करणारी उक्ती. व्हॅक्सिल्डानला त्याच्या शब्दातून सोडविण्यासाठी त्याने ती राखून ठेवली होती, हे प्रेक्षकांना पुढे उलगडले. परंतु अंतिम युद्धात शत्रू व्हेक्ना निसटू लागला. त्याचा मंत्र हमखास मोडण्यासाठी तेच सामर्थ्य खर्च करण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. स्कॅनलनने ते खर्च केले. युद्ध जिंकले, मित्राला सोडविण्याचा मार्ग मिटला. नियमांच्या भाषेत ही एका रकान्यातील एक वजाबाकी होती. ती उच्चारताना त्या विनोदी नटाच्या आवाजात जो बदल झाला तो कोणत्याही संहितेत लिहिलेला नव्हता.

आता व्यतिरेक पाहू. ह्याच पर्वावर बेतलेली ‘द लेजेंड ऑफ व्हॉक्स मशिना’ ही सचेतपट-मालिका जानेवारी २०२२ पासून अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओवर येऊ लागली. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या सत्रात बहिणीचा मृत्यू आणि भावाचा करार हा प्रसंग आहे. कथा तीच, पात्रे तीच, आवाजही त्याच नटांचे. शिवाय चित्र आहे, संगीत आहे, वेग आहे. तासांचे काम मिनिटांत होते. काढून घेतले आहे ते एवढेच : टेबल आणि फासा. मालिका कुशलतेने केलेली आहे आणि तिला तिचा आनंद आहे. परंतु तेथे भाऊ “मला ने” म्हणतो तेव्हा ते एका पात्राचे उत्कट वाक्य असते. हे वाक्य पूर्वीच घडून गेलेले, लिहिले गेलेले आणि चित्रित झालेले आहे, हे प्रेक्षक जाणतो. खेळात तेच वाक्य उच्चारले गेले तेव्हा त्याचे काय होईल हे जगात कोणालाही ठाऊक नव्हते. उच्चारणाऱ्यालाही नाही, सूत्रधारालाही नाही. कथा हे आकर्षणाचे कारण असते तर ती दोन्हीकडे सारखीच आहे. नट हे असते तर तेही सारखेच आहेत. फरक पडतो तो अवकाशाने.

५

येथे तिसऱ्या उत्तराचा, म्हणजे स्नेहाचा, विचार करणे प्राप्त होते. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल ह्यांनी १९५६ सालीच, दूरचित्रवाणीवरील व्यक्तीशी प्रेक्षकाचा जो एकतर्फी परिचय जडतो त्याचे वर्णन केले होते. भूमिका-खेळाच्या चाहत्यांना ते लागू पडते ह्यात शंका नाही. तथापि गप्पांचे कार्यक्रम काय थोडे आहेत? स्नेह तेथेही दिसतो. ह्या टेबलावरील स्नेहाला वेगळे मोल येते ते तो ऐकण्याच्या रूपाने प्रकट होतो म्हणून.

संस्कृत काव्यशास्त्रात रस कोठे असतो हा जुना वाद आहे. लोल्लटाने तो मूळ पात्राच्या ठायी मानला, शंकुकाने नटावरून अनुमिला, भट्टनायक आणि अभिनवगुप्त ह्यांनी तो सामाजिकाच्या, म्हणजे रसिक प्रेक्षकाच्या, ठायी नेला. नट आणि सामाजिक हे दोन वेगळे पक्ष आहेत, हे ह्या सर्व मतांत गृहीत होते. टेबलावरच्या खेळात हे गृहीत ढळते. सात खेळाडूंपैकी एक बोलत असतो तेव्हा सहा जण ऐकत असतात; ते नट असूनही त्या क्षणी सामाजिक असतात. त्यांना पुढचे वाक्य ठाऊक नसते. त्यांचे हसू, त्यांचे स्तब्ध होणे, तोंडावर गेलेला हात, हे अनुभाव कोणाचे? पात्राचे म्हणावेत तर पात्र कदाचित त्या जागी उपस्थितही नसते. ते आस्वादकाचेच होत. घरच्या प्रेक्षकाला ह्यातून आपल्याआधीचा एक आस्वादक सतत समोर दिसत राहतो, आणि त्याच्या चेहऱ्यावरून वाक्याचे वजन कळते. चार तास बसलेली माणसे पाहण्यात काय आहे, ह्या प्रश्नाचे एक उत्तर हे की ती ऐकणारी माणसे आहेत. खेळाडू आपल्या कागदात गुंतले, ऐकेनासे झाले की तोच टेबलाचा देखावा तत्काळ निर्जीव होतो, हे कोणताही नियमित प्रेक्षक सांगेल.

६

ह्यावर काही आक्षेप संभवतात. त्यांतील तिघांचा परामर्श घेऊ.

पहिला असा की आयत्या वेळी रचलेले संवाद ही काही नवी गोष्ट नव्हे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या दशावतारात नटांपाशी लेखी संहिता नसते. आख्यान ठरते आणि संवाद उभ्या उभ्या रचले जातात. हे खरे आहे, आणि शब्दसामर्थ्याच्या दृष्टीने दशावतारी नट ह्या खेळाडूंना हार जाणार नाही. पण तेथे संवाद अनिश्चित आणि घटना निश्चित असते. राक्षस कितीही सरस बोलला तरी त्याचा वध व्हावयाचा असतो, आणि प्रेक्षक तो जाणूनच आलेला असतो. आधुनिक उत्स्फूर्त नाट्यात घटनाही अनिश्चित असते. मात्र सहकाऱ्याने पुढे केलेली कल्पना स्वीकारून तीत भर घालावयाची, हा तेथील पायाभूत संकेत आहे. एकाने ‘दार उघडले’ म्हटले की ते उघडलेच. अवकाश तेथेही मिटतो, सौजन्याने. भूमिका-खेळात नकार देणारा फासा मध्ये असतो, आणि त्याला ना आख्यान ठाऊक ना सौजन्य.

दुसरा आक्षेप असा की फासा दिसलाच नाही तर काय? ‘द अ‍ॅडव्हेंचर झोन’ हा मॅकेलरॉय बंधू आणि त्यांचे वडील ह्यांचा २०१४ साली सुरू झालेला कार्यक्रम केवळ श्राव्य आहे. तरी तो इतका लोकप्रिय झाला की २०१८ पासून त्यावर चित्रकथेची पुस्तके निघू लागली. ह्यावरून आमचे म्हणणे बाधित होत नाही. अवकाश डोळ्यांचा नसून ज्ञानाचा आहे. आकडा जाहीर होण्यापूर्वीचा क्षण कानालाही ऐकू येतो. मात्र जेथे चित्र आहे तेथे हा क्षण मोठा करून दाखविण्याकडे निर्मात्यांचा कल दिसतो, हे लक्षणीय आहे. २०१८ साली सुरू झालेल्या ‘डायमेन्शन २०’ ह्या कार्यक्रमात निर्णायक फासा एका खास पेटीत टाकावयाचा प्रघात पडला; पेटीवर कॅमेरा रोखलेला असतो, आणि सर्व मंडळी श्वास रोखून त्या पेटीकडे पाहतात. दुसरे काहीही घडत नसताना प्रक्षेपणाने त्या क्षणासाठी यंत्रणा उभारावी, ह्यातच त्याची किंमत कळते. जानेवारी २०२५ मध्ये ह्याच कार्यक्रमाचा प्रयोग न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनसारख्या प्रचंड क्रीडागृहात झाला.

तिसरा आक्षेप थेटपणाचा. हे प्रक्षेपण त्याच क्षणी होते म्हणून लोक पाहतात, असे म्हणावे तर ‘डायमेन्शन २०’ हा आधी चित्रित व संपादित केलेला कार्यक्रम आहे, आणि ‘क्रिटिकल रोल’नेही २०२० सालच्या साथीनंतर थेट प्रक्षेपण सोडून आगाऊ ध्वनिचित्रण सुरू केले, प्रेक्षक टिकून राहिला. प्रेक्षकाने घटनेच्या वेळी जागे असणे आवश्यक नाही. खेळणारे त्या वेळी अजाण होते, एवढी खात्री त्याला पुरते. क्रिकेटच्या जुन्या सामन्याचे चित्रण आपण निकाल ठाऊक असताना पाहतो, तेही फलंदाजाला तो ठाऊक नव्हता म्हणूनच.

७

सिद्धांत खरा असेल तर त्यावरून गुणांप्रमाणे दोषही ओळखता आले पाहिजेत. अवकाश असणे पुरेसे नाही. त्याच्या दोन्ही टोकांना काहीतरी पणाला लागलेले असावे लागते. ज्या फाशाचा आकडा काहीही पडला तरी कथा आहे तशीच राहणार आहे, तो फासा टाकणे म्हणजे नुसता आवाज करणे होय. दीर्घ लढायांत नेमके हेच होते. तास-दीड तास बेरजा-वजाबाक्या चालतात, शत्रूचे बळ चार-चार अंकांनी घटते, आणि ज्याचा निकाल केव्हाच उघड झाला आहे ते युद्ध नियम पुरे करण्यासाठी लांबत जाते. अवकाशांची संख्या वाढते, पण त्यांतील एकही रिकामा ठेवण्याच्या योग्यतेचा नसतो. ‘क्रिटिकल रोल’च्या तिन्ही पर्वांत असे कंटाळवाणे पट्टे आहेत, आणि चाहत्यांच्या प्रेमाखातर ते नाकारण्याचे कारण नाही.

मृत्यूचा प्रश्न ह्याहून गंभीर. ज्या जगात मृताला परत आणण्याचे मंत्र विकत मिळतात तेथे मरणाचे वाक्य स्वस्त होते. मर्सरने पुनरुज्जीवन दर खेपेस अवघड करणारा नियम केला तो ह्या स्वस्ताईवर उतारा म्हणूनच होय. जुलै २०१८ मध्ये दुसऱ्या पर्वाच्या २६ व्या भागात जॅफीचे मॉलीमॉक हे पात्र मेले. तीन खेळाडू त्या वेळी गैरहजर होते. त्यांपैकी दोघे घरी मूल जन्माला आल्यामुळे रजेवर होते, आणि त्यांच्या पात्रांना गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पळविले असे कथेत दाखविले होते. उरलेले थोडे लोक त्यांना सोडवावयास गेले आणि त्या झटापटीत हा मृत्यू ओढवला. मृताला परत आणण्याचे साधन त्या क्षणी कोणापाशी नव्हते. जॅफीने पुढे नवे पात्र घेतले. कोणताही लेखक एका बाळंतपणासाठी आपल्या नायकाला मारणार नाही. पण तसे घडले, आणि घडलेले वाक्य मागे घेता आले नाही. प्रेक्षकाच्या मनात ह्या एका मृत्यूने जी धास्ती बसली ती पुढच्या शंभराहून अधिक भागांना पुरली.

उलट दिशेचा एक गुणही येथे नोंदला पाहिजे. शत्रूवरचा अखेरचा घाव फाशाने निश्चित झाला की मर्सर त्या खेळाडूला विचारतो, “हे तुला कसे करावयाचे आहे?” हा प्रश्न त्या कार्यक्रमाचे जणू बोधवाक्य होऊन बसला आहे. त्याची मोहिनी व्याकरणाने उलगडते. इतर वेळी वाक्य आधी आणि घटना मागून. येथे घटना आधी निश्चित होते आणि वाक्य मागून येते. तासन्‌तास विध्यर्थात बोललेल्या खेळाडूला पहिल्यांदाच खराखुरा स्वार्थ वापरावयास मिळतो. तो जे म्हणेल ते घडलेलेच असेल. त्या प्रश्नासरशी टेबलावर जो जल्लोष उठतो तो विजयाचा तर असतोच, पण हाती आलेल्या शब्दाधिकाराचाही असतो.

८

ह्या विवेचनाचा आपल्या अभ्यासपद्धतीशी प्रत्यक्ष संबंध आहे. चाहत्यांनी हौसेने ह्या भागांची शब्दशः लिखिते तयार केली आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंधासाठी ती आयती सामग्री वाटणे साहजिक आहे. परंतु लिखितात “मी दार उघडते” आणि “दार उघडते” ही दोन वाक्ये लागोपाठच्या दोन ओळींवर येतात, आणि त्यांच्यामधला अवकाश छापील पानावर एका कोऱ्या रेघेइतका उरतो. ज्याला आपण आकर्षणाचे कारण म्हटले तेच लिखितातून गळते. मग अशा लिखितावर आधारलेला अभ्यासक कथानकाचा किंवा शब्दसंग्रहाचा अभ्यास करील, आणि कादंबरीच्या मानाने हे कथानक विस्कळीत व हे गद्य सैल आहे, असा निष्कर्ष काढील. निष्कर्ष बरोबर असेल, पण तो भलत्याच वस्तूविषयी असेल.

म्हणून अशा सामग्रीचे अंकन करताना निदान चार गोष्टी नोंदल्या जाव्यात, असे आम्ही सुचवितो : प्रस्तावाचे व्याकरणिक रूप, प्रस्ताव आणि निवाडा ह्यांत गेलेला वेळ, त्या वेळात इतर खेळाडूंच्या दृष्टीची दिशा आणि त्यांचे मौन किंवा उद्गार, आणि निवाड्याचे वाक्य कोणी, कोणत्या पुरुषात उच्चारले ते. हे काम कष्टाचे आहे. पण मौखिक परंपरेच्या अभ्यासातही आपण कीर्तन आणि भारूड ह्यांची केवळ पदे उतरून घेतली आणि श्रोत्यांचे ऐकणे तसेच सोडून दिले. उच्चारलेल्या शब्दाचे पुढे काय होते, हे सांगावयाचे असेल तर ज्याने तो ऐकला त्याचीही नोंद असावी लागते. प्रक्षेपित भूमिका-खेळात ती नोंद कॅमेऱ्याने आधीच करून ठेवलेली आहे; ती वाचण्याची पद्धती तेवढी आपल्याला सिद्ध करावयाची आहे.